पंक्चर काढायला काकू

आता तुम्हीच सांगा, संताप होणार नाही तर काय होईल? आमच्या मराठी मंडळातली आयटीतली पोरं कनकपुऱ्याच्या पुढे, कच्च्या वाटेने, एका दिवसात शंभर किलोमीटर सायकल चालवायला निघाली. बेत ठरवायला जमली जयनगरला, माझ्या घरी. मी आधीच सांगून ठेवलं होतं, मीपण येणार. तीस वर्षं सायकलवरून कारखान्यात गेलेय मी!

तर त्यांचा म्होरक्या, पुण्याचा निनाद, माझाच चहा पीत म्हणतो, "काकू, तुमची सायकल त्या वाटेवर नाही टिकायची. सामानाची गाडी येणारच आहे, तुम्ही तिच्यात बसा ना."

"सरी," म्हटलं, म्हणजे इथल्या कानडीत 'बरं', राग गिळून. "आणि पंक्चर झालं तर काढणार कोण?"

सहा जण, एकेकाची सायकल माझ्या स्कूटरहून महाग, आणि चाक एकालाही काढता येत नाही! सगळे माझ्याकडे बघायला लागले.

निनाद म्हणाला, "काकू, तुम्हाला येतं ना? मग ते तुमच्याकडे. आणि गाडीतूनच येताय, तर थालीपीठंपण आणा."

डोकंच फिरलं माझं. विचारलं, "त्या वाटेवर गाडी जाते?"

"छे, गाडी डांबरी रस्त्याने येणार. ती वाट फक्त सायकलची."

"मग तुम्ही मध्येच अडकलात, तर तिथे मी पोचायचं कसं?"

निनादने मोबाइलच्या नकाशात डोकं घातलं. मग हळूच म्हणाला, "सायकलवर."