ग्लव्हज साध्या पाण्यात धुवायचे

हॅलो?… कोण बोलतंय?… अगं भिंगरी, तू होय! नंबर ओळखीचा नाही, मला वाटलं पुन्हा लिफ्ट अडकली कुठेतरी… तुमच्या टीममधल्या नऊ नंबरवालीचा फोन आहे का? बरं, बरं… नाही, आज कामावर नाही गेलो. तुमची सीझनची शेवटची मॅच, आणि मी काय लिफ्टच्या खड्ड्यात उतरून बसू?… थांब, अंडी उकडतायत, गॅस बंद करतो.

हां, बोल.

हो, जेवतो… रोज जेवतो गं… अंडी म्हणजे जेवणच की… बरं, भातही लावतो. आईसारखी उलटतपासणी नको घेऊस.

काय?

पुन्हा सांग, आवाज तुटला… येतेयस? कधी?… आज? आज कशी येशील, चार वाजता मॅच आहे ना तुझी…

न खेळता?

थांब. खुर्ची ओढून घेतो… हं. आता नीट सांग. कोचबाईंना बोललीस?… नाही ना अजून? मग काही बिघडलेलं नाही… ओरडत नाहीये मी. माझा आवाजच असा आहे. जन्मभर लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून खालच्याला हाका मारल्या.

हो… हो… अगं, ऐकतोय ना… गेल्या दोन मॅच हरलात, बघितल्यात मी… माहितीये, आज बरोबरी झाली तरी राहता वरच्या लीगमध्ये, हरलात तर गेलात खाली. शेजारच्या काकूंनासुद्धा माहितीये. त्यांना ऑफसाइड कळत नाही, पण गुणांचा तक्ता तोंडपाठ आहे… बरं, म्हणजे तू बाजूला झालीस की टीम वाचणार. असं म्हणालं कोण?… तूच. छान. आणि गोलात उभं कोण राहणार?… ती? जी सगळा सीझन बाकावर बसून संत्री सोलत होती?… असेल गं गुणी, नाही कुठे म्हणतोय मी. पण पहिल्यांदा उभी करायची ती अशा मॅचला?

हात गेले म्हणजे? हात कुठे जातात?

…आई गेली आणि हात गेले.

अं?… नाही, आहे इथेच. फोन धरलाय.

हे बघ. आई गेली, तू परत तिकडे गेलीस, त्यानंतर कितीतरी मॅच खेळलीस. ती पेनल्टी अडवलीस, ती कधीची?… आईनंतरचीच ना? त्या दिवशी हात होते की नव्हते?… मग झालं तर. हात काही आईबरोबर गेलेले नाहीत. उगाच तिच्यावर नको ढकलूस, तिथेही बिचारीला स्वस्थ बसू द्यायची नाहीस तू.

हसलीस का?… नाही? बरं, राहिलं.

मी मेकॅनिक माणूस, मला दुसरं काही येत नाही. काल चालत होतं, आज चालत नाही, तर मधे काय बदललं, एवढंच विचारतो… अगं ऐक ना… चिडतेस काय, ऐक. बॉल दिसतो ना वेळेवर?… उडी पडते?… हो, मलाही दिसलं, पोचतेस तू. मग?… हातात येतो आणि निसटतो. दोन्ही हातांत धरलेला?… हो, परवाचा दुसरा गोल तसाच झाला. सोपा होता. काकू म्हणाल्या, पोरीने हाताला साबण लावलाय की काय…

एक मिनिट.

एक मिनिट थांब.

ग्लव्हज कुठले घालतेस?… हिरवे?… म्हणजे मधे दोन दिवस घरी आली होतीस, तेव्हा मी धुऊन दिले ते?

अरे देवा.

कसे म्हणजे? मशीनमध्ये. चादरींबरोबर टाकले… पावडर घातली… आणि ते निळ्या बाटलीतलं, आईचं. कपडे मऊ होतात, वास येतो, ते… एक झाकण… दीड असेल… अगं चिखलाने भरले होते! मला वाटलं, एवढं करून पाठवावं पोरीला.

साध्या पाण्यात?… नुसत्या?… आणि सावलीत. हो की. ती बाथरूमच्या दारामागे टांगायची. आंघोळीला गेलो की रोज माझ्या तोंडावर आपटायचे. म्हणायचो, बाहेर एवढं ऊन पडलंय आणि ही वटवाघळं इथे कशाला? ती नुसती हूं म्हणायची… आणि मी घातले उन्हात. कडकडीत वाळवले, वर घडी घातली. पकड राहणार कुठून!

लिफ्टच्या ब्रेकवर तेलाचा थेंब दिसला तर मी सगळ्या इमारतीला जिन्याने चढायला लावतो. आणि स्वतःच्या पोरीच्या तळहातावर दीड झाकण ओतलं. वा रे मेकॅनिक!

तर ऐक, तुझे हात ठणठणीत आहेत. गुन्हेगार इथे अंडी उकडतोय.

काय?

माहीत होतं?

पहिल्याच सरावाला कळलं?… अगं मग बोलायचं नाही का!… मला वाईट वाटेल म्हणून. आणि गोल खाल्ले ते मला गोड लागले का?… दुसरी जोडी नाही तुझ्याकडे?… आहे? नवी? बॅगेतच? मग कपाळावर मारायला ठेवलीस का ती? हे घालून कशाला उभी राहिलीस?

बोल ना… भिंगरी… आवाज येत नाही तुझा.

हं.

हं… आईच्या कपाटासारखा वास.

उशाजवळ ठेवतेस… हं… मॅचमध्ये पण, बॉल लांब असला की… तोंडाशी नेतेस… मला वाटायचं नाक पुसते ही पोरगी.

…

नाही, रडत नाहीये. वाफ आहे अंड्यांची… गॅस बंद केला ना मी, हो. वाफ राहते थोडा वेळ.

सांभाळून घेईन असं वाटलं तुला, आणि मग एक गोल, मग दुसरा… मग आपले हातच बिघडले असं वाटायला लागलं. बरोबर आहे, असंच होतं. अगं, मला तरी काय गरज होती ते निळं घालायची? मी पावडरीवर भागवणारा माणूस. पण चादरींना वास नव्हता राहिला. घर नुसतं साबणाचं झालं होतं. मग शोधून काढली बाटली. मशीनचं झाकण उघडून उभा राहिलो, किती वेळ ते विचारू नकोस. तुझे ग्लव्हज सापडले आयते, तेही टाकले.

तर दोघंही तसलेच आपण. आई असती तर दोघांना एकाच दोरीवर टांगलं असतं. सावलीत.

आता हसलीस. ऐकलं मी.

हे बघ, वासाने गोल अडत नाही. अडला असता तर मी बाटलीच पाठवली असती. आज नवे घाल… ओले करून घे ना आधी, म्हणजे पकड येईल, तुला काय मी सांगायला हवं?… आणि हिरवे नको टाकूस. घरी घेऊन ये. बाटली अर्धी आहे अजून. उद्या आलीस की तुझ्या चादरी, उशीची खोळ, पाहिजे तर पडदे, सगळं धुऊन देतो त्यात… संपली तर दुकानात मिळते गं! तुझी आई काही ती घरी करत नव्हती.

मी एकटा असतो म्हणून?… म्हणजे खरं कारण ते आहे होय. अगं, माझ्यासाठी येऊन तू करणार काय? मी दिवसभर बाहेर. तू घरात बसून भिंतीला बॉल मारणार आणि काकू पलीकडून झाडू आपटणार… नाही, करमतं असं नाही म्हणणार. नाही करमत. पण शनिवार आला की करमतं. सकाळपासून काम असतं मला, टीव्ही पुसतो, काकू येतात, दोघं मिळून तुमच्या नऊ नंबरवालीला शिव्या घालतो… आता हे तिला सांगू नकोस, फोन तिचाच आहे ना. म्हणावं, हेडर चांगला आहे.

मग? खेळतेस?

…नीट बोल, हूं नको. हूं तुझी आई म्हणायची, मला त्याचा अर्थ कधी कळला नाही.

हां. असं.

कोचबाईंना काही सांगायला जाऊ नकोस… ग्लव्हजचं? नको… बरं, सांग, सांग. माझं नाव घेऊन सांग. त्यांनाही हसू दे, आज गरज आहे सगळ्यांना.

आणि हरलात तर हरलात. खालच्या लीगमध्ये पण गोलपोस्ट तेवढेच असतात. नुसतं नव्या ग्लव्हजने हर, म्हणजे झालं.

काय गं?… झाडं?… कुंडीतली होय. वाळलीत थोडी. आता कोण घालतंय पाणी. आईचं काय, बॉल तुझ्या गोलाजवळ आला की झारी घेऊन गॅलरीत. बघवायचं नाही तिला. तिकडून विचारायची, गेला का? मी ओरडायचो, धरला, धरला! तुम्ही वाईट खेळलात की झाडं कुजायची. यंदा उलटं झालं, तुम्ही हरताय आणि झाडं वाळतायत.

…

नाही. मलाही नाही बघवत. परवा मान फिरवून भिंत बघत होतो.

तेच ठरवलंय आज. काकूंना बसवतो टीव्हीपुढे, मी जातो गॅलरीत. त्यांना कळलं नाही तरी ‘धरला’ एवढं ओरडता येतं. आवाज माझ्याहून मोठा आहे… हो, दे, दे तिला तिचा फोन. तिच्याही घरचे वाट बघत असतील… हो, भातही लावतो… हो…

ठेव आता. झारी भरायचीय मला.