फक्त जाण्याचं तिकीट

बायको: चिप पुसली, कार्ड उलटं घातलं, सुलटं घातलं, मशीनवर टेकवून पाहिलं. आता तर खिडकीतला माणूस माझ्याआधीच नकाराची मान हलवतोय.

नवरा: घाईघाईत घातलं असशील. तुझं सगळंच घाईचं.

बायको: अहो, परक्या देशात एकटी उभी आहे मी. पाय नुसते ठणकतायत. कसली घाई करू?

नवरा: खिडकी कसली म्हणालीस?

बायको: आहे हो एक. ट्रिपचंच काहीतरी. प्रवेशाचं तिकीट.

नवरा: मग अक्काला सांग भरायला. माझी बहीण तुझ्याबरोबर आहे ती काय फोटो काढायला?

बायको: वन्सं पुढे गेल्या सगळ्यांबरोबर. जाताना पर्समध्ये होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा माझ्या हातात कोंबल्या त्यांनी. त्या टॅक्सीतच संपल्या.

नवरा: टॅक्सी? ट्रिपची बस असताना?

बायको: उलटतपासणी नंतर करा. आधी बँकेला फोन लावा. कार्ड तुमच्या नावाचं, माझं नुसतं ॲड-ऑन. मी फोन केला की 'मुख्य कार्डधारकाला बोलवा' एवढंच ऐकवतात.

नवरा: संध्याकाळी लावतो. आत्ता त्यांची लाइन लागत नाही.

बायको: संध्याकाळी काय डोंबल उपयोग? आत्ता लावा. मला लाइनवर धरून ठेवा आणि त्यांना जोडा. गॅसवाल्याला जोडलं होतंत ना, तसं.

नवरा: लावतो. लावतो म्हटलं ना.

(ताटकळत ठेवणारं संगीत. बराच वेळ. मधे एकदा नवऱ्याचा खोकला.)

बँकेची मुलगी: आपल्याला थांबावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. मी आपली काय मदत करू शकते?

बायको: बाई गं, कार्ड सुरू कर माझं. परदेशात अडकलेय.

बँकेची मुलगी: मॅडम, आपण मुख्य कार्डधारक आहात का?

बायको: मी त्यांची बायको आहे.

बँकेची मुलगी: मग सरांना बोलावं लागेल, मॅडम.

बायको: सवय आहे मला. बोला हो.

नवरा: जन्मतारीख वगैरे मी मघाशीच बटणं दाबून दिलीय.

बँकेची मुलगी: मिळाली सर, धन्यवाद. कार्ड तात्पुरतं बंद केलेलं दिसतंय. आज एक व्यवहार आमच्या यंत्रणेला संशयास्पद वाटला. 'हा व्यवहार आपला आहे का?' असा मेसेज आम्ही आपल्याला पाठवला. त्यावर 'नाही' असं उत्तर आलं.

बायको: कुणाकडून आलं?

बँकेची मुलगी: सरांकडून, मॅडम.

बायको: अहो?

नवरा: मिस्ड कॉल नव्हता आला.

बँकेची मुलगी: सॉरी सर, कळलं नाही.

बायको: तुला नाही गं, मला म्हणतायत. आमच्या घरची पद्धत आहे ती. मी कार्ड वापरायच्या आधी यांना एक मिस्ड कॉल द्यायचा. मग पाठोपाठ मेसेज आला की यांनी समजायचं, ही आपलीच. अख्खा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढला यांनी. गेट पास असल्याशिवाय खिळा बाहेर सोडला नाही. तिथून रिटायर झाले आणि घराच्या गेटवर येऊन बसले.

नवरा: त्या पद्धतीमुळे कधी एक पैसा तरी बुडालाय?

बायको: छे! औषध घेतलं, मिस्ड कॉल. चपला घेतल्या, मिस्ड कॉल. एकदा माझा फोन बंद पडला तर दुकानदाराच्या फोनवरून दिला. त्याला वाटलं, बाईचं कुणाशी तरी लफडं आहे.

नवरा: आणि आज नेमकी विसरलीस.

बायको: विसरले.

नवरा: बरं. विसरलीस.

बँकेची मुलगी: सर, मग तो व्यवहार मॅडमनीच केला होता, असं मी नोंदवू का?

नवरा: थांबा. कसला व्यवहार होता तेवढं सांगा.

बायको: त्यांनी कशाला सांगायचं? मी म्हणतेय ना, मीच केला.

बँकेची मुलगी: मुख्य कार्डधारकाने विचारलं तर सांगावं लागतं, मॅडम. रेल्वेचं तिकीट आहे, सर. एका व्यक्तीचं. फक्त जाण्याचं.

नवरा: प्रवेशाचं तिकीट म्हणाली होतीस.

बायको: खोटं बोलले. आता खरं सांगते, माझ्या अंगात वाद घालायचं त्राण उरलेलं नाही. लेकीकडे चाललेय मी. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे, पित्ताशयाचं. इथे येऊन पोचल्यावर कळलं मला. पोरीने माझ्यापासून लपवलं होतं, वन्संनीच सांगितलं. आत्या-भाचीचं बोलणं असतं.

नवरा: अक्काचं? आणि मला पत्ता नाही!

बायको: सगळ्यांचं असतं. तुमचं सोडून.

नवरा: तुझंही?

बायको: माझंही. तुम्ही फिरायला गेलात की.

नवरा: पत्रिका वाटून झाल्यावर लग्न मोडून निघून गेली ती. चार माणसांत मला मान खाली घालायला लावली. लोक गल्लीत थांबवून विचारायचे मला.

बायको: मला नव्हते विचारत? हॉलवाल्याला, आचाऱ्याला, मुलाच्या आईला, सगळ्यांना मीच तोंड दिलं. तुम्ही आतल्या खोलीत कडी लावून बसला होतात. त्यालाही आता चार वर्षं झाली. त्या मुलाचं लग्न होऊन त्याला जुळं झालं. तो विसरला, त्याची आई विसरली. तुम्ही धरून बसलात.

नवरा: मी बाप आहे.

बायको: तुम्ही म्हणालात, आपल्याला मुलगी नाही. मी ऐकून घेतलं. तुम्हाला नसेल. मला आहे. आणि ती उद्या एकटी त्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार आहे. शुद्धीवर आल्यावर तिला पाणी द्यायला कुणी नाही. ते मला सहन होत नाही.

बँकेची मुलगी: सर, मॅडम, मी सांगायला हवं, हा कॉल रेकॉर्ड होतोय.

बायको: होऊ दे गं. कुणीतरी ऐकायलाच हवं होतं. एक विचारू? यांना जो मेसेज आला, त्यात गावाचं नाव होतं?

बँकेची मुलगी: हो, मॅडम. कुठून कुठपर्यंत, सगळं असतं.

बायको: म्हणजे वाचलंत तुम्ही. जगात एवढी गावं आहेत, चोराला नेमकं त्याच गावाला कशाला जायचं असेल? तुम्हाला कळलं होतं, मीच आहे. अहो, बोला की. कळलं होतं ना?

नवरा: हो.

बायको: मी मिस्ड कॉल विसरले नव्हते. मुद्दामच दिला नाही. म्हटलं, मेसेज वाचतील, गाव बघतील आणि गप्प बसतील. तेवढीच अपेक्षा होती माझी. गप्प बसायला तर तुम्हाला छान येतं. आणि तुम्ही 'नाही' दाबलंत? पोरीच्या ऑपरेशनला जाताना माझी वाट अडवलीत?

नवरा: ऑपरेशनचं कुठे माहीत होतं मला?

बायको: मग कशासाठी दाबलंत?

नवरा: परतीचं नव्हतं त्यात.

बायको: काय नव्हतं?

नवरा: परतीचं तिकीट. एका व्यक्तीचं, फक्त जाण्याचं. दोनदा वाचलं मी. म्हटलं, गेली. ती गेली, आता हीसुद्धा गेली. बोट कधी 'नाही'वर पडलं, कळलं नाही. मला भीती वाटली गं.

बायको: अहो, तिला दवाखान्यातून कधी सोडतील ते डॉक्टरला ठाऊक नाही. मी परतीची तारीख कुठून आणू?

नवरा: ते आता कळतंय.

बायको: आणि मी कुठे जातेय तुम्हाला सोडून? जायचंच असतं तर गुडघे धड होते तेव्हाच नसते गेले? तेव्हा तर कारणंही भरपूर होती. भीती वाटली होती तर फोन करायचा.

नवरा: तू उचलला नसतास.

बायको: नसता उचलला. पण तुम्ही केला होतात, एवढं तरी कळलं असतं.

बँकेची मुलगी: सर, माफ करा. मला इथे काहीतरी लिहावं लागेल. व्यवहार आपल्या माहितीतला आहे की नाही?

बायको: लवकर सांगा हो. हा माणूस खिडकीची पाटी फिरवायला निघालाय. या गाडीनंतर आज दुसरी गाडी नाही.

नवरा: हो. माहितीतला आहे. माझी बायको माझ्या मुलीकडे चाललीय. तिचं उद्या ऑपरेशन आहे, म्हणून चाललीय.

बँकेची मुलगी: नुसतं 'हो' पुरेसं आहे, सर.

नवरा: असू दे. सगळं लिहा.

बँकेची मुलगी: लिहिते, सर. एक मिनिट. झालं. मॅडम, आता करून बघा.

बायको: थांब हं. घातलं. आकडे दाबले. अगंबाई, निघाला! कागद निघाला! बघ, हा खिडकीतला मेला आता हसतोय.

बँकेची मुलगी: मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?

बायको: खूप केलीस गं. तुझी आई कुठे असते?

बँकेची मुलगी: गावी, मॅडम.

बायको: फोन करतेस ना तिला?

बँकेची मुलगी: शिफ्ट संपली की करते, मॅडम. धन्यवाद. मॅडमची काळजी घ्या... म्हणजे, आपला दिवस चांगला जावो.

नवरा: ठेवला तिने. तू आहेस ना?

बायको: आहे. फलाटाकडे चाललेय. बॅगेचं एक चाक अडकतंय. काय ते पटकन बोला.

नवरा: तुझ्याकडे तो पातळ स्वेटरच आहे ना?

बायको: ट्रिपला तेवढा पुरतो म्हणून आणला. का?

नवरा: तिथे रात्री पाणी गोठतंय. उद्या दुपारनंतर वारा सुटणार आहे, परवा बर्फ आहे. स्टेशनवर उतरलीस की आधी एखादा जाड कोट घे. दवाखान्यात मग जा.

बायको: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

नवरा: फोनवर हवामान दिसतं.

बायको: फोनवर आपल्या गावचं दिसतं.

नवरा: दोन गावं ठेवता येतात. तिचं वर ठेवलंय.