जावई परका असल्याच्या ठरावाबाबत

नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे. वय ५९, व्यवसाय जनावरांची डॉक्टर. शिवाय यंदापासून सरकारी बँकेची स्वतंत्र संचालक. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

आमच्या बँकेचे शेअर परदेशच्या बाजारात विकायला काढायचे आहेत. तिथला नियम असा, की हिशेब तपासणाऱ्या समितीचा प्रमुख अध्यक्षांच्या नात्यातला नसावा. आज सभेत अध्यक्षांनी त्या जागेसाठी स्वतःच्या जावयाचं नाव मांडलं. तिकडून पाहणीला आलेल्या बाईंनी नातं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, जावई म्हणजे परक्या घरचाच की!"

आमच्याकडे रीत अशी, की अध्यक्षांनी चष्मा काढला की सगळ्यांनी "मंजूर" म्हणायचं. चष्मा निघाला. माझ्या आईची सगळी पुंजी याच बँकेत आहे. सासऱ्याची चूक जावई दाखवणार आहे होय? मी म्हटलं, "माझी हरकत आहे."

सचिव पेन धरून तसेच बसले. हरकत कशी लिहायची तेच त्यांना ठाऊक नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टरबाईंना चक्कर आलीय, बाहेर न्या," आणि शिपायाला बोलवायला टेबलाखालचं बटण दाबलं. ते दरोड्याच्या भोंग्याचं निघालं. शटर धाडकन खाली आलं आणि आम्ही सगळे आत अडकलो.

मग काय विचारता! आमच्यातले मौनीबाबा, ज्यांचा आवाज मी कधी नीट ऐकला नव्हता, ते खुर्चीवर चढून ओरडले, "माझीही हरकत!" त्यांना एवढा चेव आला की मागच्या तीन ठरावांनाही त्यांनी हरकत घेतली. मग एकेक करत सगळेच सुटले. एका काकांनी चहा गार असल्याबद्दल घेतली. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. ठराव आठ विरुद्ध एक असा आपटला.

पोलिसांनी शटर उचलून विचारलं, "दरोडेखोर कोण?" अध्यक्षांकडे बोट मी एकटीने दाखवलं, असं ते म्हणतात ते साफ खोटं. बोटं आठ होती.

उद्या माझी खुर्ची जाईल, असं अध्यक्षांनी ठाण्यावर येताना पोलिसांच्या गाडीत बजावलं. गेली तर गेली! जावई काही बसला नाही.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मध्ये दोनदा थांबून हसले. "बाई घाबरलेल्या दिसल्या" हे माझ्या सांगण्यावरून खोडून "बाई फार खूश दिसल्या" असं केलं. आता बरोबर आहे, म्हणून सही करते.