चार चालायला, दोन उडायला

सहा मार्च. हवा कोरडी, वारा नैऋत्येचा, दुपारपर्यंत आकाश स्वच्छ... आणि दुपारनंतर आकाशच नाही! टोळ! मिसरातून! तेही मिसरातून सुटल्याचा, वल्हांडणाचा सण तोंडावर आलेला असताना! आम्हा यहुद्यांना तिथून निघून हजारो वर्षं झाली, तरी त्यांचं पाठवणं चालूच...

आता तुम्हीच सांगा, त्या झेलिग वाक्समनने या टोळांचं काय घोडं मारलं होतं? आमच्या येरुहाम गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारा साधा, पापभीरू माणूस. दरवर्षी वर्गातलं एखादं कार्टं हात वर करणारच, "सर, आपल्या धर्मग्रंथात, तोरात लिहिलंय टोळ चार पायांवर चालतो, आणि तुमच्या पुस्तकात पाय सहा! मग चुकलं कोण, मोशे की तुम्ही?" की झेलिग खडू खाली ठेवणार, छाती पुढे काढणार, "कुणीच नाही! चार चालायला, दोन उडायला! उड्या मारायच्या पायांचं तोरात वेगळं सांगितलंय, वाच नीट!" चार चालायला, दोन उडायला... लग्नाच्या पंगतीत तेच, सिनेगॉगच्या पायरीवर तेच, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा तेच! अहो, उत्तर बरोबर होतं हो. पण उत्तर फळ्यावर असणं वेगळं आणि ताटात येणं वेगळं!

कारण सासरेबुवा! मोरी सालेम. येमेनमध्ये पोरांना तोरा शिकवायचे, म्हणून अख्खं गाव त्यांना मोरी म्हणतं. म्हाताऱ्याने लेकीला फोन केला, "बद्रा, टोपली घेऊन पहाटेच ये! गारठ्याने पंख आखडलेत तोवर वेचू. आणि त्या मास्तरालाही आण!"

तुम्हाला सांगतो, इथेच सगळी गोम आहे. येमेनी घरांत टोळ खायची रीत बापजाद्यांपासून. झेलिगचं घराणं पोलंडचं. तिकडे थंडी होती, टोळ कुठले? त्यामुळे रीतही नाही. आणि लग्न झालं की नवऱ्याची रीत ती बायकोची रीत! बद्राने लहानपणी एकदाच खाल्ले होते, पण नुसतं नाव काढलं तरी अजून चवीने डोळे मिटायची. आणि मोरी म्हणाले, "मी नव्वदीला टेकलो. पुढची टोळधाड मी बघत नाही. लेकीने माझ्या हातचा एक खाल्ला की बास. पण तिच्या नवऱ्याने आधी खायला हवा. त्याने आमची रीत मान्य केली, तर तिला मोकळीक!"

बद्राने टोपली काढून दाराशी ठेवली, बस्स. हेच तर! बोलली असती तर भांडता तरी आलं असतं!

झेलिगने आपल्या रब्बींना फोन लावला. रब्बी म्हणाले, "आपल्यात रीत नाही. पण येमेनींच्या रीतीच्या भरवशावर खाणारे आहेत. तुला उत्तर काय हवंय ते आधी सांग."

"नाही म्हणा, रब्बी."

"बरं. मग बायकोकडे दे फोन, तिलाच सांगतो."

"...हो म्हणा, रब्बी."

झालं! तरी गडी हटेना. मोरींच्या स्वयंपाकघरात भिंग काढून बसला. मोरींनी एक टोळ उलटा करून छातीवरची खूण दाखवली, "हे बघ, आपल्या हिब्रूतलं 'हेत' अक्षर. ही खूण असलेलाच खायचा."

"मोरी, ही छातीच्या पट्ट्यांची सांध आहे. पुष्कळ जातींत असते."

"असेल सांध. आम्ही तिला हेत म्हणतो. पुढे बोल."

पुढे काय बोलणार? बोलला अर्थात! "मोरी, मूळ मुद्दा पायांचा! चार चालायला, दोन..."

"बस खाली. जेवण गार होतंय."

आणि ताट समोर आलं. खरपूस भाजलेले, वर मीठ... आणि झेलिग वाकून बघतो तर काय? डोकी नाहीत, पंख नाहीत आणि पाय? चार नाहीत, सहा नाहीत, एकही नाही!

"मोरी! पाय?"

"मोडून टाकले. घशाला टोचतात मेले. तुमच्या पोलंडात कोंबडी पिसांसकट खातात का रे?"

तुम्हाला सांगतो, जन्मभर ज्या पायांवर हा माणूस उभा होता, ते पाय म्हाताऱ्याने मोरीत टाकले होते, म्हणजे न्हाणीच्या मोरीत! आता काय मोजणार, काय सिद्ध करणार? त्याने बद्राकडे पाहिलं. हात मांडीवर, नजर भिंतीवर. ताटाकडे बघतसुद्धा नव्हती... उपाशी माणूस दुसऱ्याच्या पंगतीत बसतो ना, तशी!

"मी चुकलो तर?" झेलिग हळूच म्हणाला.

"तर दोघं मिळून चुकू," बद्रा भिंतीलाच म्हणाली. "एकटीने बरोबर राहून कंटाळा आलाय."

झेलिगने डोळे मिटले, खाण्याआधीची प्रार्थना म्हटली आणि एक टोळ तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. मोरींनी दुसरा उचलून लेकीच्या हातावर ठेवला. तिने तो चावून चावून खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाली, "अबा, मीठ जास्त झालंय."

ताटात बावीस टोळ होते. बद्राने एक खाल्ला, मोरींनी चार आणि झेलिगने सतरा.