बोटीत सगळेच बसतात

कोंडू : बोटीत बसायला उतार हाय की, ताई. गेल्या दिवाळीला बांधलाय, खास चाकाच्या खुर्चीवाल्या मानसांसाठी. कठडा पन लावलाय बगा.

रेश्मा : उतार दिसतोय मला. पण तो संपतो तिथं पाणी कुठंय?

कोंडू : पानी खाली गेलं.

रेश्मा : बोट तर पार तिकडं दिसते.

कोंडू : चैत लागला ना. पानी सोडलं खाली. फीत कापली तवा हितं कठड्याला लागलेलं. साहेबानं हात धुतले त्यात.

सकुबाई : आनि आता बेशरम उगवलाय.

कोंडू : कार्तिकात या, आजी. धरन भरलेलं असतं. खुर्ची सरळ बोटीत. धक्का नाय, काय नाय.

सकुबाई : कार्तिकात कोन कुठं असंल, बाबा. आजचं बोल.

रेश्मा : फोनवर तुम्हीच म्हणालात ना, खुर्ची चालेल? हाफ डे टाकून सासूबाईंना आणलंय मी. किन्हवलीपासून ही खुर्ची रिक्षात मांडीवर घेऊन बसलेय.

कोंडू : चालंल म्हनलो. कवा चालंल ते तुमी विचारलं नाय.

रेश्मा : चला आई, परत जाऊ. या दगडगोट्यांतून चाकं जाणार नाहीत.

सकुबाई : थांब गो जरा. कोंडू, मला उचलून नेशील?

कोंडू : नेईन की. तुमचं वजन ते काय, कोंबडीएवढं. मी नि ताई, दोघांच्या हातांची पालखी करतो. चला.

सकुबाई : हितून नको. हितलं समोरच्या काठावरून दिसतं.

कोंडू : दिसू दे. तिकडं कोन बसलंय बगायला?

रेश्मा : यांची बहीण बसलीय. लहानी मावशी. समोरच्या पाड्यावर असतात. आई बोटीतून फिरायला येणार म्हणून सकाळपासून काठावर येऊन बसणार होत्या.

कोंडू : मंग? बहीन बगंल उचलताना. त्यात काय चोरी हाय?

सकुबाई : तिला ठाव नाय.

कोंडू : काय ठाव नाय?

सकुबाई : हेच. खुर्चीचं.

रेश्मा : दोन वर्षं झाली. मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभ्या राहिल्या नाहीत. आणि बहिणीला रोज फोनवर सांगतात, आज बाजारात गेले, आज शेतावर जाऊन आले.

सकुबाई : रोज कुठं गो.

रेश्मा : परवा तर चिंचा झोडायला गेले म्हणालात.

सकुबाई : झाडावर चढले असं तर नाय ना म्हनले?

कोंडू : पन आजी, सख्ख्या बहिनीपासून कशाला लपवायचं?

सकुबाई : तिला कळलं तर घरदार सोडून माझ्या उशाशी येऊन बसंल. तिच्याकडं एक म्हैस नि एक बिनलग्नाचा लेक. दोघांना वेळेवर खायला लागतं. कोन घालंल?

रेश्मा : आणि मावशी बोलवत असतात, ये म्हणून. जीप पाड्याच्या खाली थांबते, पुढं नुसता चढ. मग यांची कारणं. कधी भाताची आवणी, कधी नातवाची परीक्षा.

सकुबाई : किती कारनं काढायची? संपली. मंग ही म्हनाली, धरनावर बोट सुरू झालीय. मी म्हनलं, हे बरं हाय. बोटीत समदेच बसतात. बसलेल्या मानसाकडं बगून काय कळतंय, ह्याला चालता येतं का नाय?

कोंडू : डोकं हाय आजी तुमचं!

सकुबाई : पाय नाय, तेवढं तरी नको?

कोंडू : असं करा. जुन्या पंपघराच्या मागं ओहोळ आत घुसलाय. तिथलं पलीकडून काय दिसत नाय. मी बोट तिकडं आनतो. ताई, तुमी खुर्ची रस्त्यानं तिथवर आना. फुडचं उचलून नेऊ.

रेश्मा : नियमात बसतं का ते?

कोंडू : फेरी बेटाला वळसा घालून परत यायची, एवढा नियम. बसायचं कुठून ते लिवलेलं नाय.

*

सकुबाई : हळू रे! कोंबडी म्हनलास ना, मंग धापा कसल्या टाकतोस?

कोंडू : गावठी निघाली, आजी.

सकुबाई : आता हितं बोटीच्या कडंवर टेकवा. पाठ पान्याकडं नाय, बोटीकडं. हां. सोडा आता. मी सरकते.

रेश्मा : उलट्या? आई, पडाल!

सकुबाई : जन्मभर आवनी केली गो. रोपं लावत मागं मागंच सरकत आले. पुढं जायचं म्हनलीस तर पडेन. झालं बग. आले का नाय फळीवर?

कोंडू : आलात. खुर्ची बोटीत घेऊ?

सकुबाई : ती पंपघराच्या आत ठेव. वर पोतं टाक.

रेश्मा : एवढ्या लांबून मावशींना पंपघरातली खुर्ची दिसणारे?

सकुबाई : तिला लहानपनी झाडाच्या शेंड्यातलं पाखरू दिसायचं.

कोंडू : हे जाकीट घाला, आजी. ह्याला मात्र माफी नाय.

सकुबाई : एवढी गोधडी? उन्हाळ्यात? बांध बाबा. लहानीला मी ही नदी पाठीवरून पार करायची. तवा कुठलं जाकीट नि कुठलं काय. माझी वेनी धरून बसायची, लगाम धरल्यावानी.

कोंडू : हीच नदी?

सकुबाई : हीच की. नदी व्हती तवा.

रेश्मा : आई, दिसल्या! तो त्यांचा लेक महिपत उभा आहे. मावशी वर खडकावर बसल्यात, हिरवं लुगडं.

सकुबाई : पदर नीट कर गो माझा. जाकिटाच्या वर काढ. पाय दिसतात का तिकडून?

रेश्मा : नाही दिसत.

(कोंडू इंजिन बंद करतो. काठ हाकेच्या अंतरावर.)

लहानी : सकू! अगो, भगवं काय घातलंस? साधू झालीस काय?

सकुबाई : बुडू नये म्हनून घालतात गो!

लहानी : तू नि बुडतेस! बरी हायस ना?

सकुबाई : घोड्यावानी! तू?

लहानी : मला काय धाड भरलीय! सकाळीच रानात जाऊन आले! चिंचा किती निघाल्या?

सकुबाई : पाटीभर!

लहानी : वाळलीस पन!

सकुबाई : तू जाडी झालीस!

लहानी : लुगडं फुगलंय वाऱ्यानं!

कोंडू : आजी, इतक्या लांबून काय बोलता? आज नियम राहू दे. लावतो काठाला. दोघी जवळ बसा घडीभर.

सकुबाई : नको.

कोंडू : बोटीतनं उतरू नका. त्या येतील खाली.

सकुबाई : नको म्हनते ना.

लहानी : ओ बोटवाले! हिकडं लावू नका हां! चिखल हाय! बोट रुतंल!

कोंडू : चिखल? हितं तर समदा मुरूम हाय.

सकुबाई : ती म्हनते ना चिखल हाय. मंग चिखल हाय.

लहानी : मीच आले असते गो खाली! पन म्हैस सोडलीय! नजर ठेवायला लागते!

सकुबाई : मला पन टाइम नाय लहाने! सुनेला कामावर जायचंय!

लहानी : महिपत येतोय बग पान्यात! कडवे वाल दिलेत!

सकुबाई : रेश्मा, मशेरीचा डबा दे त्याच्याकडं. पुढं हो, टोकाला जा. सांभाळून. लहाने! मशेरी धाडलीय! हिनं भाजलीय, जरा करपलीय!

लहानी : करपलेलीच बरी लागते!

सकुबाई : ऊन चढलं! जा आता घरी!

लहानी : तू जा आदी! मी बसते हितं जरा! गार वाटतं!

सकुबाई : बस, बस! उठू नको!

लहानी : तू पन उठू नको गो! बोट हलते!

सकुबाई : नाय उठत! कोंडू, चालू कर बाबा इंजिन.

*

रेश्मा : आई.

सकुबाई : काय?

रेश्मा : मावशींच्या मागं, पळसाला टेकवून...

सकुबाई : बगितली. दोन बांबू नि मधी चादर. डोली.

रेश्मा : आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणतात तसं आणलं असणार त्यांना. आणि रानात जाऊन आले म्हणतात! तुम्ही काहीच विचारलं नाही?

सकुबाई : मशेरी कोनी दिली महिपतच्या हातात?

रेश्मा : मी.

सकुबाई : सख्ख्या भाच्याला दोन वर्षांनी बगितलं, तरी मी जागची हलले नाय. तिनं विचारलं काय?

रेश्मा : नाही.

सकुबाई : मंग.

कोंडू : बेटाला वळसा घालू का, आजी? फेरी बाकी हाय तुमची.

सकुबाई : घाल. आलोय तर बगू बेट. तिथं आधी टेकडी व्हती, करवंदांची. कोंडू, कार्तिकात धरन भरतं म्हनलास. पानी पलीकडं कुठवर चढतं?

कोंडू : पार पाड्यापर्यंत. खालच्या घरांच्या कुंपनाला, वईला लागतं. अंगनात बसून पाय धुवावेत.

सकुबाई : लहानीचं घर खालचंच हाय. रेश्मा, कार्तिकात आनखी एक हाफ डे टाक.

रेश्मा : टाकते. तेव्हा आपला उतारही पाण्याला लागेल. तुम्हाला उचलायला नको, खुर्ची थेट बोटीत.

सकुबाई : माझं नाय म्हनत गो. तिला तेवढं खाली यायला नको.