दसऱ्याला पुजलेली काच

हसू नका रे, पण माझं सहा महिन्यांचं काम आमच्या आईनं दसऱ्याला पुजलं.

केसाहून बारीक नॅनो खाचांच्या काचेवर सेंद्रिय रंगाचा थर द्यायचा, त्यात प्रकाश आणि पदार्थ मिसळून एका तालात चमकवायचे, हा माझा प्रयोग. पुण्याला माझ्या गाईड सरांकडं नेता नेता काच घेऊन झरीला घरी थांबलो. आंघोळ करून येतो तर काच विळ्या-खुरप्याशेजारी पाटावर, ओल्या हळदीकुंकवात!

“आई, काय केलंस हे?”

“तुझं हत्यार न्हाई का ते?”

पुण्यात सरांनी तरी ती निळ्या लेझरखाली ठेवली. माझा थर मेला होता, पण हळद लय झकास हिरवी चमकली.

आईला फोनवर सांगितलं.

“चमकणारच की,” ती म्हणाली, “घरची हाय.”