काही नसलेल्या बेटाची तयारी

…नाही, माणसाने जावं कुठे? जिथे काहीतरी आहे तिथे! आमच्या हिने निवडलं काय, तर खाडीपलीकडचं वाळूचं बेट! लांबलचक पट्टी, तिच्यामागे समुद्र, संपलं! झाड नाही, प्यायचं पाणी नाही, टपरी नाही, आणि… ती सोयसुद्धा नाही हो! म्हटलं, "अगं, तिथे काही नाही!" तर म्हणते, "म्हणूनच जायचंय."

तिचंही खरंच आहे म्हणा. अकरा वर्षं तक्रारखिडकीवर बसते बिचारी. दिवसभर आपलं, "ओ बाई, माझं काय झालं?" महत्प्रयासाने एक रजा मिळाली, म्हटलं, हा दिवस तिचा! पण तिथे काही नाही म्हटल्यावर सगळं आपणच न्यायला नको? तुम्हीच सांगा! पाण्याचे कॅन, मोठी छत्री, चटया, स्टोव्ह, वारा सुटला तर ताडपत्री, ताडपत्री उडाली तर दोरी, दोरी तुटली तर… दुसरी दोरी! मेहुणा म्हणतो, "भावोजी, बिऱ्हाड हलवताय की काय?" अरे बाबा, तिथे काही नाही!

होडीवाल्याने सामान बघितलं, होडी बघितली, मग मला बघितलं. "साहेब, एक तर तुम्ही, नाहीतर हे. दोन खेपा करू, आधी तुम्ही दोघं चला." हिचा एक पाय होडीत! आणि मी काय करावं? अक्कल पाजळली! म्हटलं, तिथे काही नाही, आधी जाऊन उन्हात उभं राहायचं का? आधी सामान! उतरवली हो तिला!

तासाने होडीवाला परतला तो चिखलातून होडी ढकलत! ओहोटी! "आता पाणी संध्याकाळी." "अहो, पण सामान?" "सामान मजेत आहे. छत्री उघडून, चटया अंथरून आलोय!"

म्हणजे बघा, सामान सहलीला आणि आम्ही धक्क्यावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "माझ्यामुळे तुझी रजा फुकट गेली गं…" तर ही चपला काढून, पाय सोडून निवांत बसलेली! अकरा वर्षांत असा चेहरा पाहिला नव्हता हो तिचा. "बसा ना," म्हणते, "उचलायला काही नाही, मांडायला काही नाही, कुणी काही विचारायला नाही."

बसलो! दुपारभर बसलो! जीव थाऱ्यावर नव्हता, पण बसलो. संध्याकाळी भीतभीत विचारलं, "पुढच्या रजेला कुठे?" तर म्हणते, "इथेच. फक्त सामान आठवणीने आधी पाठवा."

…घ्या! आता ते सगळं परत आणायचं… पुन्हा पाठवायला!